आमच्या घरापुढं मीच लिहिलं निरंक

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी मला मळमळलं. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि असा एक वास नाकात गेला की डोळ्यांत पाणी आलं. बायांना वाटलं नवरी रडते. सासू म्हणाली, "दुकानाचा वास हाय तो. सवय होते." तिचं खरं झालं. दोन-तीन महिन्यांत वास गेला. म्हणजे मला आपलं वाटलं की गेला.

दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला टिनाचं छत, खाली एक बाक आणि भिंतीला ठोकलेले खिळे. माझा नवरा फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याच्याकडं शेत नाही, त्याच्या बापाकडंही नव्हतं. पावसाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी झाली की पंप यायला लागतात ते थेट कापूस फुटेपर्यंत. कोणाची नळी फाटली, कोणाचा वायसर झिजला, कोणाची बॅटरी बसली. पण सगळ्यात जास्त येतं ते तुंबलेलं नोझल. नोझल म्हणजे नळीच्या टोकाचं ते बारीक छिद्राचं तोंड, ज्यातून औषध धुक्यासारखं उडतं. औषधाचा गाळ बसला की ते तुंबतं.

हे काम तो उमरखेडच्या एका उस्तादाकडं शिकला. उस्ताद फार कडक. नोझलमध्ये सुई घातलेली त्याला चालायची नाही. "सुई डालेगा तो छेद बडा होयगा. फूंक मार," म्हणायचा. छिद्र मोठं झालं की औषध जास्त जातं, पिकाचं नुकसान, शेतकऱ्याचंही नुकसान. म्हणून नोझल ओठांत धरायचं आणि जोरात फुंकायचं. साफ झालं की ते शीळ घालतं. बारीक, एकसारखी शीळ. शिळेत थरथर असली की आत अजून गाळ आहे असं समजायचं आणि परत फुंकायचं. माझा नवरा हे इतकं नीट करायचा की फुलसावंगीच्या बाजारातले दुकानवालेही गिऱ्हाइकाला आमच्याकडं धाडायचे. नवीन नवीन मी आत भाकरी थापत बसायची आणि बाहेर शीळ वाजली की मला बरं वाटायचं. माझं माणूस कामावर आहे, खुशीत आहे, असं वाटायचं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मी गावची आशा आहे. आशाताई म्हणतात मला. गरोदर बाया, पोरांचे डोस, तापाच्या गोळ्या, आणि वरून जो कागद येईल तो भरून देणं. कागद भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हा माझा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या साली जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं पडायला लागली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळीनं सगळ्यांची झोप उडवलेली, आणि माणूस त्या झाडांच्या आत शिरून दिवसभर फवारत राहायचा. शेजारच्या गावातला एक जण गेला. मग पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आणि सरकार जागं झालं. जागं झालं म्हणजे आम्हाला फॉर्म आला. चार दिवसांत गावातल्या फवारणी करणाऱ्यांची यादी द्या. नाव, शेत, पीक, फवारणी स्वतः करता का, हो की नाही. यादीतल्या माणसाला एक किट मिळणार होतं. मास्क, हातमोजे आणि डोळ्यांचा चश्मा. आणि यादीतला माणूस आजारी पडला की दवाखान्यात त्याला आधी बघणार होते.

मी घरोघर गेले. लोक मस्करी करायचे. "आशाताई, आमच्या बैलाचंबी नाव घाला, तोबी संगं असते." एक बुढा म्हणाला, "चश्मा देता त जरा ऊन लागणार नाही असा काळा द्या." मी हसत हसत लिहिलं. कोणाचंही नाव सोडलं नाही.

शेवटचं घर माझं. स्वयंपाकाच्या वेळेला आले, दुकानाच्या बाकावर बसले आणि नवऱ्याला सरकारी आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतः फवारणी करता का?"

त्याच्या हातात नोझल होतं. ओठांपासून काढून तो हसला. "मी? माह्याकडं वावर कुठं हाय? लिही, नाही म्हणून."

मी लिहिलं, निरंक. निरंक म्हणजे काही नाही. आणि तो परत फुंकायला लागला, माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर. मी ती शीळ ऐकली आणि वही मिटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं.

किटं आली तेव्हा वाटून एक उरलं. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरबाई म्हणाल्या, "ठेव घरी, कामी येईल." मी ठसक्यात म्हणाले, "आमच्या घरी फवारणीवाला कोणी नाही. नियम म्हणजे नियम." सही घेऊन किट परत केलं. त्या सहीचा कागद मी अजून जपून ठेवला आहे, स्वतःला दाखवायला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ढग पांगले, ऊन पडलं आणि सगळे एकदमच फवारणीला लागले. दुकानात पंपांची रांग. माझा नवरा सकाळी बसला की दुपारी जेवायलाही उठायचा नाही. भाकरीचा तुकडा तिथंच, त्याच हातानं. मी म्हणायची, "हात त धुवा." तो म्हणायचा, "धुतो न, थांब." आणि पुढचं नोझल तोंडात.

एके दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर तो बाकावर वाकून बसलेला. तोंडातून लाळ गळत होती आणि तो शर्टाच्या बाहीनं पुसत होता. शर्ट घामानं चिंब, आणि अजून ऊनही चढलं नव्हतं. म्हणाला, "डोळ्यांपुढं धुक्कं धुक्कं दिसून राह्यलं. पोटात पीळ पडते." मग उलटी झाली. मी आशा असून मला काय वाटलं? शिळं खाल्लं असेल. उपकेंद्रात नेलं. सिस्टरबाईंनी यादी काढली, त्यात त्याचं नाव नव्हतं. म्हणजे पोटच बिघडलं. गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी दिलं. माझीच यादी, तिच्यावर विश्वास कसा ठेवणार नाही?

दुसऱ्या दिवशी तो उठू शकला नाही. गालाचं मांस आपोआप उडत होतं, जशी बैलाच्या अंगावर माशी बसली की कातडी थरकते तसं. मांडीचंही तेच. श्वास घेताना छातीत घरघर. मी जावेला हाक मारली, शेजारीच राहते ती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, दुसऱ्याची शेती बटाईनं करतो. त्यानं ऑटो आणला. वाटेत मी नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून बसले आणि त्याचा प्रत्येक श्वास मोजत राहिले. एक श्वास उशिरा आला की मी त्याला गदागदा हलवायची. "वहिनी, असं नका करू, पोहचलो आपण," दीर म्हणत होता. खड्डे संपत नव्हते.

सरकारी दवाखान्यात व्हरांड्यात दोन रांगा होत्या. एक साध्या पेशंटांची, लांबलचक. दुसरी फवारणीच्या पेशंटांची, तिथं वेगळं टेबल, वेगळे बेड आणि गावोगावच्या याद्या. मी त्याच टेबलापाशी गेले. तिथल्या माणसानं आमच्या गावाची यादी काढली. माझ्या अक्षरातली. बोट वरून खाली नेलं.

"नाव नाही. त्या रांगेत जा."

"भाऊ, तो लय बिमार आहे हो."

"सगळेच बिमार आहेत बाई. यादीत नाव आहे का? फवारणी केली का त्यानं?"

"नाही." मी खरं बोलत होते. मला खोटंही सुचलं नाही. सुचलं असतं तर दोन घंटे वाचले असते.

दोन घंटे आम्ही त्या रांगेत फरशीवर होतो. त्याची लाळ पुसून पुसून माझा पदर ओला झाला. तो माझ्याकडं बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते हे मला कळत होतं. मी मनात म्हणत होते, याला काही झालं तर काय करू.  

आमचा नंबर लागला तेव्हा आत एक तरुण डॉक्टर होते, बाहेरगावचे, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे वाटले. त्यांनी बॅटरीनं डोळे बघितले आणि लगेच ताठ झाले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग ते त्याच्या तोंडाशी वाकले आणि झटक्यात मागं सरले.

"तोंडाला औषधाचा वास येतोय. हा कीटकनाशक प्यायला का?"

"नाही हो साहेब. कायले पिईल तो?"

"बाई, एवढा वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

मी वाकले. नाक त्याच्या ओठांजवळ नेलं. मला काहीच आलं नाही. त्याचा रोजचा वास होता, आमच्या घराचा, उशीचा, टॉवेलचा.

"घरात भांडण झालं होतं का? खरं सांगा. पोलिसांना कळवावं लागेल."

माझं माणूस मरणाच्या दारात आणि मला पोलिस विचारणार की तू त्याला काय बोललीस. बाहेर उभा असलेला दीरही माझ्याकडं कसंतरी बघायला लागला, असं मला वाटलं. मी रडायला लागले. रडता रडता डॉक्टर ज्या ओठांशी वाकले होते त्या ओठांकडं माझी नजर गेली. मधोमध, जिथं नोझल धरतात तिथं, दोन्ही ओठांवर एक गोल, फिकट डाग होता. बारा वर्षं मी तो डाग रोज बघत होते.

"साहेब, तो फुंकते," मी म्हणाले.

"काय फुंकतो?"

मी मूठ तोंडाशी धरली आणि फू फू करून दाखवलं. "नोझल. पंपाचं नोझल. तुंबलं की तोंडानं फुंकते. दिवसाला चाळीस, कधी पन्नास. तो फवारत नाही साहेब, पण गावातलं सगळं औषध त्याच्या तोंडातून जाते."

डॉक्टरांनी ओरडून सिस्टरला इंजेक्शन आणायला सांगितलं, आणि स्वतः स्ट्रेचरचं एक टोक धरून त्याला त्या दुसऱ्या, यादीवाल्या खोलीत नेलं. टेबलावरचा माणूस म्हणाला, "सर, नाव नाही त्याचं." डॉक्टर म्हणाले, "मग लिहा." एवढंच. मला त्या दोन शब्दांचं ऋण अजून फेडता आलं नाही.

दर काही मिनिटांनी इंजेक्शन, दर काही मिनिटांनी डोळ्यांत बॅटरी. लाळ सुकली, घाम थांबला, बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या. पण मग तो बडबडायला लागला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनानं असं होतं, घाबरू नका. न घाबरता कसं राहायचं? तो हवेतच बोटांनी काहीतरी फिरवून काढत होता, ओठांशी नेत होता आणि फुंकत होता. मग कान देऊन ऐकायचा, मान हलवायचा आणि परत फुंकायचा. त्या खोलीत रिकाम्या हातानं तो किती नोझल साफ करत होता कोणास ठाऊक. मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

आठवड्यानं तो घरी आला. भिंतीला धरून चालायचा. आल्या आल्या मला म्हणाला, "उस्तादाचे हात कसे थरथरत होते, आठवते तुले?" मला आठवत होतं. आमच्या लग्नात उस्ताद आला होता, कपातला चहा बशीत सांडत होता. पुढं तो वारला तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं. त्याच्या घरीही कोणी तरी निरंक लिहिलं असेल, किंवा तेवढंही लिहिलं नसेल.

पुढच्या महिन्यात तालुक्याला बैठक झाली. मोठे साहेब आले होते, यंत्रणेनं काय सुधारावं ते सांगा म्हणाले. आम्ही आशा मागच्या खुर्च्यांवर. पुढं कृषीवाले, दवाखान्यावाले, सगळे सांगत होते किती किटं वाटली. मी कधी अशा सभेत उठले नव्हते. उठले तेव्हा समोरच्या खुर्चीची पाठ मी घट्ट धरली होती.

"साहेब, फॉर्ममधला सवाल चुकला आहे," मी म्हणाले. "फवारणी करता का, असं विचारलं की माणूस शेतकऱ्यासारखा विचार करते. शेत नसलं तर नाही म्हणते. औषध तुमच्या अंगाला कुठून लागते, असं विचारा."

कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "आता ही फॉर्म शिकवते." साहेबांनी मात्र विचारलं, "म्हणजे कोण कोण?" मी माझ्या नवऱ्याचं सांगितलं. यादीत नाव नसल्यामुळं आम्ही दोन घंटे फरशीवर होतो ते सांगितलं. यादी मीच केली होती, हेही सांगितलं. मग मी खाली बसले. साहेबांनी काही लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मला वाटलं, झालं, गेलं पाण्यात.

पण दुसऱ्या साली फॉर्म आला त्यात शेवटी एक नवीन रकाना होता. "इतर प्रकारे संपर्क." लहानसाच, दोन बोटं रुंद. त्या रकान्यात मी माझ्या नवऱ्याचं नाव सगळ्यात आधी लिहिलं आणि लिहिताना मला फार समाधान वाटलं. मला वाटलं माझं काम संपलं.

त्याला किट मिळालं. शिवाय मी महागावच्या बाजारातून सायकलीत हवा भरायचा पंप आणून दिला. नोझल आता त्याच्या नळीला लावायचं आणि दांडा दाबायचा, तोंड लावायचं नाही. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हणाले, "माह्या नाही, स्वतःच्या डोक्यावर ठेवा." तो हसला. कामाला लागला. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय मिस्त्री, आता नोझल पंक्चर झालं का?"

एक दिवस दुपारी मी पोरांना डोस देऊन घरी येत होते. गल्लीच्या तोंडाशी असताना ऐकलं. शीळ. बारीक, एकसारखी, थरथर नसलेली.

मी तिथंच थांबले. हवेच्या पंपानंही शीळ वाजते, हे मला माहीत होतं. पण ही कोणती? मी पळत सुटले. दुकानात तो बाकावर बसलेला, नोझल हातात, हवेचा पंप पायाशी. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पंपानं केलं. आईची शपथ."

"खरं सांगा."

"खरं सांगतो. वास घेऊन पाहाय तूच." आणि त्यानं लेकरासारखं तोंड उघडलं.

मी वाकले. नाक त्याच्या ओठांजवळ नेलं. काहीच नाही. बरं वाटलं, एका श्वासापुरतं. मग आठवलं की त्या दिवशी दवाखान्यातही मला काहीच आलं नव्हतं.

मी जावेला हाक मारली. ती अंगणात कपडे धूत होती, हातातला कपडा तसाच घेऊन फेसाच्या हातांनी आली. मी म्हणाले, "याच्या तोंडाचा वास घे अन् सांग मले, औषधाचा येते का." तिला वाटलं मस्करी आहे. मग माझं तोंड बघून वाकली, नाक ओढून वास घेतला, परत घेतला.

"मले त काहीच नाही येत, बाई," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिच्या हातातल्या कपड्याकडं माझं लक्ष गेलं. दिराचा फवारणीचा शर्ट होता. पाठीवर पंप घासतो तिथं पिवळा पडलेला. हंगामभर रोज एक, अशी किती वर्षं ती उघड्या हातांनी धुते आहे. आणि तिला वास येत नाही.

मी घरात गेले, पेटीतून फॉर्मची प्रत काढली आणि त्या दोन बोटांच्या रकान्यात जावेचं नाव लिहिलं. मग त्याच्याखाली माझं.